पांढरा डाग

रंजनाला हे माहीत नाही. नवऱ्यालाही नाही, कुणालाच नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, लिहायची सवय नाही. पण तोंडानं बोलणं मला त्याहून अवघड — म्हणून तुम्हाला लिहून सांगते.

रंजना माझी धाकटी जाऊ. ऊसतोडीला निघायच्या तोंडावर आमच्या जामखेडकडच्या गावात, शाळेत, बायकांची तपासणी झाली. गर्भपिशवीच्या तोंडाची. आत औषध लावून बघतात, आंबट वास येतो. रंजनाचं आधी झालं, ती बाहेर जाऊन बसली. मग माझं झालं. नर्सबाई हळूच म्हणाल्या — दोघींच्या तिथं पांढरा डाग दिसतोय, तालुक्याला या, दुर्बिणीतून नीट बघतील. तिलाही सांगा.

पुढचं मला ऐकूच आलं नाही. आमच्या टोळीत बाईचं काही दुखलं की पिशवीच काढतात. डाग म्हणजे कॅन्सर, नाहीतर पिशवी गेली — मला एवढंच ठाऊक.

बाहेर रंजनानं विचारलं, "आक्का, काय म्हनल्या बाई?"

"दोघींचं चांगलं हाय."

"मंग सांगते तुमच्या दिराला, पिशवी शाबूत हाय. आजून एक लेकरू व्हतंय." आणि हसली.

तिला एकच मुलगी. तिची पिशवी जाऊ नये म्हणून गप्प बसले, असं सांगता आलं असतं. पण ते खरं नाही. रंजना तालुक्याला गेली असती तर मलाही जावं लागलं असतं, घरात सासरे-दिरांपुढं बोलणं निघालं असतं. मला लाज वाटली. माझ्या लाजेपायी मी तिचा डाग लपवला — याला काय म्हणायचं?

सगळा हंगाम ती माझ्यापुढं मोळ्या वाहायची. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना तिचा हात कमरेला गेला, की माझा कोयता थांबायचा. दुखतंय का — एवढं तरी विचारायला काय झालं होतं मला?

गावी परतल्यावर राहवेना. "मला भ्या वाटतं, संगती चल," म्हणून तिला तालुक्याला नेलं, तिथं तिलाही तपासून घ्यायला लावलं. डॉक्टरबाईंनी समजावलं — डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. कुणाचं काहीच नसतं. कुणाच्या पेशी बदललेल्या असतात, त्यांच्यावर वेळेत उपचार केला तर पुढचा आजार टळतो.

माझ्यात काही निघालं नाही. तिच्यात निघालं. बारीक तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. मग शेक देऊन तेवढीच जागा जाळली. पिशवी जागच्या जागी राहिली. त्या दिवशी स्टँडवर आम्ही भेळ खाल्ली. कित्येक महिन्यांनी मला घास गोड लागला.

परवा तिची पुन्हा तपासणी झाली. सगळं नीट आलं. ती बायकांना सांगते, "आक्कानं नेलं म्हनून वाचले." तेव्हा मी भाकरी थापत राहते, मान वर करत नाही.

ती बरी आहे. आणि मी तिच्याशी खोटं बोलले होते.