आत्याबाईंचे नवे साहेब

आमच्या हिच्या आत्याबाईंनी चौतीस वर्षांच्या नोकरीत टायपिंगची एकही चूक केली नाही. असं त्या स्वतःच सांगतात, आणि ते खोडून काढू शकेल असा एकही साहेब आता दिल्लीत उरलेला नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्या स्टेनो होत्या. साहेब बोलायचे, त्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायच्या आणि टाईप केलेला कागद सहीला ठेवायच्या. सही व्हायची. कागद परत येणं ही त्यांच्या मते इतरांच्या आयुष्यात घडणारी गोष्ट होती. निवृत्त होऊन फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये आल्या तरी हे वळण सुटलं नाही. किराण्याची यादीसुद्धा त्या समास सोडून दोन प्रतींत करतात आणि दुसरीवर 'ऑफिस कॉपी' लिहून ती फाईलला लावतात. एकदा दुकानदाराने तुरीऐवजी चण्याची डाळ पाठवली, तेव्हा ही प्रत घेऊन त्या दुकानात गेल्या. तो बिचारा "माताजी, गलती हो गई" म्हणाला, तर तेही त्यांनी खाली तारखेसह लिहून घेतलं.

अशा बाईंनी सहासष्टाव्या वर्षी 'सी' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली आणि शिकवायला मी सापडलो, कारण मी नोकरीने प्रोग्रॅमर आहे आणि रविवारी गाझियाबादहून फरीदाबादला जाण्याइतका जावई आहे. निमित्त होतं काकांचं, म्हणजे आत्याबाईंच्या यजमानांचं. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात चालतो, समजतं सगळं, पण जन्मभर घर डोक्यावर घेणाऱ्या या माणसाची वाचा गेली. अशा लोकांसाठी फोनवर ॲप मिळतात, चित्र दाबलं की फोन बोलतो. मी एक आणून दिलं. काकांनी पाण्याचं चित्र दाबलं आणि फोन गोड आवाजात म्हणाला, "मुझे प्यास लगी है." काकांनी फोन पालथा घातला. आत्याबाई म्हणाल्या, "यांना आयुष्यात कधी प्यास लागलेली नाही, जावईबापू. हे 'पाणी आण गं' म्हणायचे." काकांची अशी चाळीस वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. आकडा दाबला की ते वाक्य मोठ्या अक्षरांत पडद्यावर यावं आणि काकांना पुन्हा काकांसारखं बोलता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. अर्ध्या तासात करून देतो म्हटलं, तर गोपनीय मजकूर बाहेर टाईप करून घेत नसतात, असं उत्तर मिळालं. मी तिथे असलो की पडद्यावर 'वाक्य एक', 'वाक्य दोन' असंच असायचं, खरी यादी त्या मी घरी परतल्यावर घालायच्या.

सीमध्ये आपण लिहिलेलं तसंच्या तसं चालत नाही. आधी कंपायलर नावाचा प्रोग्रॅम ते वाचतो. चूक दिसली तर शेरे मारून परत करतो, पसंत पडलं तर त्याची चालणारी वेगळी फाईल बनवून देतो. दहा ओळी लिहा, कंपायलरला दाखवा, मग पुढे जा, असं मी सांगितलं होतं. आत्याबाईंनी मान डोलावली, आठवडाभर वहीत दोनशे ओळींचा खर्डा केला आणि रविवारी माझ्यासमोर पडद्याकडे ढुंकूनही न बघता तो टाईप केला. अर्धा कागद सहीला ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. कंपायलरने सत्त्याऐंशी चुका काढल्या. चहा आला, पण नेहमीचा चिवडा आला नाही. खरी चूक एकच होती. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता आणि तिथून पुढे कंपायलरला सगळंच वाकडं दिसत होतं. तो अर्धविराम मी सांगताना सांगितलाच नव्हता, हे त्यांनी वही उघडून सिद्ध केलं. मग त्यांचा चेहरा निवळला. त्यांचे एक जॉइंट सेक्रेटरी असेच होते म्हणे. पहिल्या परिच्छेदात काही खटकलं की पुढच्या प्रत्येक ओळीत त्यांना खोट दिसायची. अशा वेळी वाद घालायचा नाही, पहिली चूक तेवढी सुधारायची आणि कागद पुन्हा समोर ठेवायचा. त्या दिवसापासून कंपायलरला त्या 'साहेब' म्हणू लागल्या. माझ्या हाताखालच्या इंजिनियरांना जे कळायला सहा महिने लागतात, ते यांना चहा निवायच्या आत कळलं.

एकदा त्यांचा फोन आला की तीन वेळा दुरुस्ती केली तरी प्रोग्रॅम जुनंच बोलतोय. खर्ड्यात बदल करून त्या आधीचीच तयार फाईल चालवत होत्या, पुन्हा कंपाइल करायचं राहिलं होतं. मी समजावू लागलो तर मध्येच म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे खर्डा बदलला की सही नव्याने." बिल्कुल, म्हटलं. ही चूक त्यांनी पुन्हा केली नाही, मी मात्र गेल्या मंगळवारीच केली. कधी कधी कंपायलर फाईल बनवून देतो, पण बरोबर इशाराही देतो. आम्ही ऑफिसात असे शेकडो इशारे खुशाल अंगावर घेऊन जगतो. आत्याबाईंना झोप लागत नसे. साहेबांनी सही केली पण बाजूला 'प्लीज स्पीक', म्हणजे येऊन खुलासा करा, असं लिहिलंय, असं म्हणून त्या शेवटचा इशारा मिटेपर्यंत बसून राहायच्या.

पुढे कोणतं वाक्य दिवसात कितीदा झालं, याची नोंद ठेवायचं त्यांच्या मनात आलं. मोजणी शून्यापासून धर, असं सीला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर त्या जागी आधीचा जो कचरा पडला असेल तिथून ती मोजू लागते. काकांनी एक आकडा दाबला आणि पडद्यावर आलं, 'पाणी आण गं, आज बत्तीस हजार सातशे सहासष्टाव्यांदा.' आत्याबाईंनी वळून काकांकडे पाहिलं. त्यांना तो आकडा अगदीच अशक्य वाटला नसावा.

सगळ्यात मोठा घोळ जूनमध्ये झाला. सी आपली यादी एकापासून नव्हे, शून्यापासून मोजते. त्यामुळे पाण्यासाठी काकांनी एक दाबला की दुसरं वाक्य येई, आणि दुसरं वाक्य होतं 'पंखा बंद कर'. फरीदाबादच्या जूनमध्ये आत्याबाईंनी पंखा बंद केला. काकांनी पुन्हा एक दाबला. आत्याबाईंनी बटण बंदच आहे ना, हे उठून पाहिलं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर घामाने भिजलेले काका हसायला लागले, झटक्यानंतर पहिल्यांदा. शून्याचं प्रकरण मी फोनवर सांगितलं, पण शून्य क्रमांकाचं पान त्यांनी कुठल्याही फाईलमध्ये पाहिलं नव्हतं. शेवटी त्या जागी त्यांनी 'विषय' असं टाईप करून टाकलं, कारण पत्रात तो मजकुराच्या आधीच येतो, आणि पहिलं वाक्य आपोआप एकवर आलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलेलं नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी प्रोग्रॅम एकही चूक, एकही इशारा न येता उभा राहिला. आत्याबाई ओले हात पदराला पुसत काकांच्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. त्या दिवशी प्रथमच त्या माझ्यासमोर खरी यादी उघडायला तयार झाल्या होत्या, पण मी आपण होऊन खिडकीपाशी जाऊन बसलो. काकांनी एकापासून चाळीसपर्यंत सगळे आकडे एकेक करून दाबले, शांतपणे वाचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यात नव्हतं. आत्याबाईंचा चेहरा उतरला. या माणसाचा शब्दन् शब्द आपल्याकडे आहे, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत क, ख, ग लिहून काढलं आणि तो काकांपुढे धरला. काकांचं बोट हळूहळू फिरलं आणि त्या एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेल्या. द. म. ल. स. मी मनात काना-मात्रा लावून बघत होतो. आत्याबाईंचा जन्म स्वर गाळून लिहायच्या शॉर्टहँडमध्ये गेला आहे, त्यांना स्वरांची गरज पडली नाही.

"दमलीस का, विचारताय?" त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. हो.

आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि चूक राहिल्याचा खुलासा द्यावा तशा म्हणाल्या, "हे यांनी कधी विचारलंच नव्हतं, जावईबापू. मी लिहिणार कुठून?"

मग खुर्ची ओढून त्या काकांशेजारी बसल्या. मला आता तिथे बसून राहणं बरं दिसत नव्हतं.

"हो," आत्याबाई काकांना म्हणाल्या, "थोडी."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा समोरच होता. तरी तो शोधायला मी बराच वेळ लावला.