चार घरांतले पदक

मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलेल्या माणसाला, ओढून काढणाऱ्याविषयी साक्ष द्यायची वेळ आली, तर त्याने किती खरे सांगावे? सगळेच, हे उत्तर चटकन सुचते. पण मायरिग टिडिर याने एप्रिल १९३२ मध्ये सरकारी निरीक्षकाला दिलेला जबाब वाचला की ते उत्तर डळमळू लागते. आणि त्याच्या जागी ठेवता येईल असे दुसरे उत्तर प्रस्तुत लेखकाला अद्याप सापडलेले नाही.

मायरिग उत्तर वेल्समधल्या रोसवेन गावचा. छपराच्या पाट्यांचा दगड निघणारी खाण हेच गावाचे शेत आणि हीच बाजारपेठ. या खाणीत कडा एकट्या माणसाला कधी मिळत नसे; तो टोळीला मिळे. दर महिन्याला कारभारी कड्याचा एकेक तुकडा चौघांच्या हवाली करी. त्या तुकड्याला बर्गेन म्हणत आणि त्या चौघांनाही बर्गेनच म्हणत. दोघे मांडीला साखळीचा वेढा घेऊन कड्यावर लटकत आणि दगड फोडत. तिसरा शेडमध्ये बसून त्या दगडाचे पातळ पापुद्रे सोडवी. चौथा ते कापून चौकोनी करी. कोणी खोकल्याने आठवडाभर अंथरूण धरले तरी त्याचा चौथा वाटा चुकत नसे, आणि कोणाच्या पहारीने कितीही देखणा दगड निघाला तरी तो चौघांचा निघाला असेच घरी सांगितले जाई. स्वतःच्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत एकट्याने गाणे म्हणायची शिक्षा होती. सुरात गाणाऱ्या त्या गावात एकट्याचा आवाज उघडा पडण्यासारखी दुसरी नामुष्की नव्हती.

मायरिगच्या बर्गेनमध्ये इथेल पारी आणि तो स्वतः कड्यावर असत. तेगिद दगड सोलायचा आणि गोरॉन्वी कापायचा. त्या वर्षी मार्चमध्ये गोठणे आणि वितळणे असे आलटून पालटून चालले होते, आणि अशा दिवसांत दगडाचा भरवसा नसतो. एका सकाळी कड्याच्या काठापासून तीस यार्ड खाली, एका अरुंद कंगोऱ्यावर मायरिग उभा असताना शेजारचा दगड सरकला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली अडकला. तो उताणा पडला. पडल्या पडल्या त्याला वरचा सुळका दिसला: घराएवढ्या उंचीचा, मुळाशी चिरलेला, आणि दर मिनिटाला बचकभर खडे गाळणारा. शिटी झाली. माणसे आडोशाला पळाली. पळून जाणे हाच नियम होता, आणि नियम शहाणपणाचा होता.

इथेल साखळीवरून खाली उतरला. वर तेगिद आणि गोरॉन्वी शेडमधून धावत आले आणि त्यांनी दोर धरला. पन्नास मिनिटे इथेल पहार घालून तो दगड उचकत होता. त्याच्या खांद्यावर एकदा आणि डोक्यावर दोनदा खडे बसले. अखेर पाय सुटला, दोघे वर ओढले गेले. त्याच दुपारी चार वाजता सुळका खाली आला आणि तो कंगोरा होता कुठे हेही नंतर कोणाला दाखवता आले नाही.

अशा कृत्यांसाठी एडवर्ड पदक होते. राजा सातव्या एडवर्डने ते १९०७ साली सुरू केले; खाणीत आणि दगडखाणीत दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा पणाला लावणाऱ्यांसाठी. त्यासाठीचा निधी खाणमालकांनी दिला होता, यावर रोसवेनमध्ये बरेच तिरकस बोलले जाई. एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला जखमी सोबत्याला सावरणारा खाणकामगार. गडद निळी फीत, कडांना पिवळी किनार. पहिल्या श्रेणीचे पदक चांदीचे, दुसऱ्या श्रेणीचे कांशाचे. कोणती श्रेणी द्यायची ते जबाबांवरून ठरे.

निरीक्षक इस्पितळात आला तेव्हा मायरिगचा पाय फळीला बांधलेला होता. पूर्ण शुद्धीत, बायबलावर हात ठेवून, त्याने सांगितले की त्याला बर्गेनने मिळून वर काढले. खाली कोण उतरले? पाळीपाळीने उतरले, तो म्हणाला. धोका सर्वांत जास्त कोणाला होता? सारखाच होता. त्यात हेतुपूर्वक लबाडी नव्हती. वाचलेला जीव ही बर्गेनच्या हाती आलेली वस्तू होती, आणि हाती आलेल्या वस्तूचे चार वाटे करायचे, एवढेच त्याला येत होते.

समोरच्या कड्यावरून मुकादमाने सगळे पाहिले होते. त्याने साखळीवर एकच माणूस पाहिला आणि तसे सांगितले. वर्षअखेर लंडनहून कळले: पदक इथेल पारीला, दुसऱ्या श्रेणीचे. वाचवल्या गेलेल्या माणसाचाच जबाब पातळ निघाल्यामुळे चांदीचे कांसे झाले, अशी मायरिगची खात्री पटली. लंडनमध्ये काय तोलले गेले हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि न सांगितलेली गोष्ट माणूस आपल्या विरुद्धच गृहीत धरतो.

इथेल पदक घेऊन परतला तो सरळ कबानमध्ये गेला. कबान म्हणजे खाणीतली जेवणाची दगडी खोपटी. पण तिथे अध्यक्ष असे, कार्यक्रमपत्रिका असे, आणि काढ्यासारख्या काळ्या चहाच्या घोटांबरोबर देवापासून आयर्लंडपर्यंत कशावरही ठराव होत. त्या दिवशी पत्रिकेवर पाठांतराच्या स्पर्धेनंतर पदकाचा विषय होता.

"बर्गेनला मिळालंय," इथेल म्हणाला. "वाटून घ्यायचं कसं तेवढं सांगा."

"करवत आण," तेगिद म्हणाला. "राजाचं नाक मात्र मला."

"माझा वाटा कसला?" मायरिगने विचारले. तो कुबड्यांवर होता. "मी तर नुसता पडून होतो."

"पडून राहायचं काम तुझ्याइतकं चोख दुसऱ्या कोणी केलं नसतं," गोरॉन्वी म्हणाला, आणि ठराव झाला. वर्षाचे चार भाग. प्रत्येक भागात पदक एका घरी. जानेवारी तेगिद, एप्रिल गोरॉन्वी, जुलै इथेल, ऑक्टोबर मायरिग. तिमाहीच्या पहिल्या शनिवारी ज्या घरातून पदक जायचे त्या घरची बाई ते फ्लॅनेलमध्ये गुंडाळून नेई, आणि ज्या घरी जायचे तिथे मनुकांचा पाव कापला जाई. महायुद्धातही हा नेम चुकला नाही. मनुकाच काय त्या कमी झाल्या.

मायरिग पुन्हा कड्यावर गेला नाही. लंगड्या पायाने तो शेडमध्ये बसला आणि तेगिदच्या हाताखाली दगड सोलायला शिकला. ठोकळा मांडीशी टेकवायचा, रुंद छिन्नी कडेला लावायची, लाकडी हातोडीने हलकेच सांगायचे. ऐकणारा दगड वहीसारखा उघडतो. पाट्यांच्या मापांना तिथे उमराव घराण्यातल्या बायकांच्या पदव्या होत्या, आणि डचेस हे मोठे माप मायरिगच्या हाती विशेष बसले. "दिवसाकाठी शंभरएक डचेस माझ्या मांडीवरून उठून जातात," तो सांगे, "आणि एकीनेही मागे वळून पाहिलेलं नाही." गावाने त्याचे नाव मायरिग डचेस ठेवले. त्याचे ओल्वेनशी लग्न झाले, तीन मुले झाली. दर ऑक्टोबरात पदक भिंतीवर चढले की तो ते पाहताना आधी आनंदी होई आणि मग गप्प. चांदीचे असायला हवे होते, हे त्याने ओल्वेनलाही सांगितले नव्हते.

१९४९ मध्ये सरकारने चांदीचे पदक बंद केले आणि कांशाचे फक्त मरणोत्तर ठेवले. "आता पदकासाठी आधी मरायला लागतं," तेगिद म्हणाला होता. पुढे तेगिद स्वतः फुप्फुसातल्या धुळीने गेला; त्याची पाळी त्याची बायको मारेड सांभाळू लागली. १९६९ मध्ये खाण बंद झाली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये इथेलला लंडनहून पत्र आले. एडवर्ड पदकाचे जे धारक हयात होते, ते यापुढे जॉर्ज क्रॉस या नागरी शौर्याच्या सर्वोच्च सन्मानाचे धारक मानले जाणार होते. हवे असल्यास जुने पदक परत देऊन क्रॉस घ्यावा. तो राणीच्या हस्ते मिळेल. चांदी आणि कांसे असा भेद उरणार नव्हता.

इथेलने पत्र खिशात घालून मायरिगचे घर गाठले. ऑक्टोबरपासून पदक तिथेच होते.

"नाही म्हणून कळवतो," तो धापा टाकत म्हणाला. चढ त्याला आता झेपत नसे. "पदक चौघांचं. मी एकटा कसं परत देऊ?"

मायरिगने पत्र दोनदा वाचले. शेवटचे वाक्य त्याने तिसऱ्यांदा वाचले. "सभा घेऊ," तो म्हणाला.

सभा शनिवारी दुपारी मायरिगच्या स्वयंपाकघरात भरली. अध्यक्षपद गोरॉन्वीकडे आले, कारण कबानचा तोच शेवटचा अध्यक्ष होता. त्याला आता फारसे ऐकू येत नव्हते.

"अध्यक्षांना ऐकू येत नसलं की सभा लवकर आटोपते," ओल्वेन चहा ओतत म्हणाली.

"सूचना कोणाची?" गोरॉन्वीने विचारले.

"माझी," मायरिग मोठ्याने म्हणाला. "पदक परत जावं, आणि इथेलने क्रॉस घ्यावा. क्रॉस त्याच्याच घरी राहावा. फिरता नको."

"विरोध?"

"माझा," इथेल म्हणाला.

"विषय तुझा आहे. तुला मत नाही. बस खाली."

"बसलोच आहे, लेका."

"मग बसून राहा."

मारेडने कप खाली ठेवला. "आणि माझ्या भिंतीवर काय लावू मी? जानेवारीत ते आलं की तेगिद घरात आल्यासारखं वाटतं. ते कोणाच्या सूचनेवर द्यायचं?"

मायरिगने हे आधी ताडले नव्हते. मग त्याने एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा जबाब, शब्द न चुकवता, सांगितला: पाळीपाळीने उतरले, धोका सारखाच होता. "साखळीवर एकटा इथेल होता," तो म्हणाला. "हे मी शपथेवर लपवलं. त्याला चांदीचं मिळायचं ते माझ्या तोंडाने गेलं. तेगिदने दोर धरला, गोरॉन्वीने धरला, त्याचे आभार मी मरेपर्यंत मानीन. पण डोक्यावर दगड एकाच्या पडले. मला तीन पोरं झाली, सात नातवंडं झाली, डोक्यावरचे केस गेले. केसांचा दोष त्याला देत नाही. बाकी सगळं मात्र त्याच्याकडून आलंय, आणि ते मी कागदावर चार जणांत वाटून टाकलं."

ओल्वेन किटली हातात धरून तशीच उभी होती.

"तुझा जबाब मला ठाऊक होता," इथेल म्हणाला. "निरीक्षकाने वाचून दाखवला. हे खरं का, म्हणाला. मी म्हटलं, मायरिग खोटं बोलत नाही."

"म्हणजे माझं खोटं तू चालू दिलंस."

"खोटं काय होतं त्यात? मी पहारीवर वाकलो होतो, मला खालचंच दिसत होतं. वरचं कोण बघत होता? तू सांगायचास, थांब, आता डावीकडे, आता डोकं खाली घाल. तू पाच-सहा वेळा ओरडलास, म्हणून मी आज इथे खोकतोय. कोणी कोणाला वाचवलं ते मला अजून नीट सांगता येत नाही."

"वर बघायला धैर्य लागत नाही, इथेल. मी उताणा पडलो होतो. दुसरीकडे बघताच येत नव्हतं."

गोरॉन्वीला हेच वाक्य नेमके ऐकू आले आणि तो हसत सुटला. मग मारेडही हसली, आणि डोळे पुसून म्हणाली, "तेगिद सांगायचा मला. दोर धरला होता तेव्हा हात सोलले होते त्याचे, पण म्हणायचा, मारेड, मी तर काठावर उभा होतो, इथेल खाली होता. तो असता तर त्याने सूचनेच्या बाजूनेच हात वर केला असता." तिने हात वर केला. "हा त्याचा."

तीन हात वर झाले. "मंजूर," गोरॉन्वी म्हणाला. "विरोध करणाऱ्याने चहा संपवावा."

"बहुमत मोडायचं नसतं," इथेल भिंतीकडे पाहत म्हणाला. "पण मायरिग सोबत येईल. त्याच्याशिवाय राणीला मी काय सांगणार?"

मायरिगने पदक उतरवले, ओल्वेनने ते स्वच्छ फ्लॅनेलमध्ये गुंडाळले, आणि मायरिगने ते दोन्ही हातांनी इथेलसमोर धरले. इथेलने ते घेतले आणि मान हलवली. त्या पुडक्याचे वजन हातातून गेल्यावर मायरिग खुर्चीत बसला आणि त्याने मनुकांच्या पावाचा दुसरा तुकडा मागितला. इतकी भूक त्याला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

पुढल्या उन्हाळ्यात दोघे लंडनला जाऊन आले. जानेवारी उजाडला तेव्हा इथेलने सवयीने क्रॉस मारेडकडे धाडला. तिने तो दारातूनच परत पाठवला, आणि सभेचा ठराव वाचावा असा निरोप दिला.

इथेल पारी फेब्रुवारी १९७४ मध्ये वारला. मायरिग टिडिर त्यानंतर नऊ वर्षे जगला आणि २ जून १९८३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रोसवेनमध्ये आपल्या राहत्या घरी वारला.