धूर परत घेऊन जा!

फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी जन्मभर भांडलेला एकच माणूस मी पाहिला, आणि ती वस्तू म्हणजे हवा. पन्नासच्या दशकात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आमच्या समोरच्या घरात राहणारे ते निवृत्त तारमास्तर. सारी गल्ली त्यांना नुसतं मास्तर म्हणायची आणि माघारी सणकी. त्यांचं नाक म्हणजे एक स्वतंत्र तारऑफिसच होतं. पहाटे ओट्यावर उभे राहून ते मान वर करत आणि कुणीही न विचारता जाहीर करत, "हा धूर ओल्या सागाच्या पानांचा. वखारवाल्याकडचा. अन् हे चप्पल जाळून राह्यले कोणीतरी!" आणि खरोखरच कुणाच्या तरी अंगणातल्या कचऱ्यात चप्पल सापडे.

खाणीचा कच्चा कोळसा तेव्हा घरोघरी येई. तो पेटताना पिवळट, घशाला चावणारा धूर सोडी. म्हणून गल्लीतल्या बायका शेगडी पेटवून रस्त्यावर आणून ठेवत, शक्यतो दुसऱ्याच्या दारासमोर. निखारे लाल झाले की शेगडी आत, धूर बाहेर. मास्तर भडकत. "निखारा तुमचा अन् धूर गावाचा काऊन?" असं ओरडत ते धुपत असलेली शेगडी सांडशीनं उचलून सरळ मालकाच्या घरात नेऊन ठेवत. "हा तुमचा धूर. परत घेऊन जा!" एकदा तर पाहुणे जेवायला बसले होते त्या पंगतीतच त्यांनी शेगडी ठेवली. पाहुणे डोळे पुसत उठले. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. मास्तरांच्या बायकोला दमा होता, आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता.

आमची शेगडीही त्यांच्या खिडकीखालीच असे. भिंती काळ्या होतात म्हणून आई ती घरात पेटवू देत नसे. एकदा मास्तर माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही.

"भाऊ, तुम्ही शिकलेले आहात म्हणून सांगून राह्यलो. शेगडी जरा तिकडं, मोकळ्या मैदानात ठेवत जा."

"मास्तर, आमच्या एका शेगडीनं असं काय होणार?"

"एका शेगडीनं काईच होत नाई," ते म्हणाले, "हेच मले बावीस घरांनी सांगितलं."

मी हसून विषय टाळला. मैदान पन्नास पावलांवर होतं.

त्या हिवाळ्यात वखारवाल्याकडं लग्न निघालं. स्वयंपाकासाठी बिनधुराचा कोक हवा म्हणून त्यानं गल्लीतच कच्च्या कोळशाचा ढीग रचला आणि पेटवून दिला. वारा पडलेला. दुपारपर्यंत धूर घोंगडीसारखा घरांवर बसला. मास्तर बाहेर आले आणि त्यांनी ढिगावर बादलीमागून बादली ओतली. वखारवाल्यानं त्यांची गचांडी धरली.

"म्हाताऱ्या, मंगलकार्यात पाणी टाकते काय?"

मास्तर म्हणाले, "माह्या घरात चला. पाच मिनिटं बसा तिच्यापाशी. मग मले मारा."

कुणी हललं नाही. बायका पदराआडून बघत होत्या. मास्तरांनी एकेकाकडं पाहत शेवटी माझ्याकडं पाहिलं. आतून त्यांच्या बाईंच्या श्वासाची शिटी रस्त्यावर ऐकू येत होती. मी शिकलेला माणूस घरात गेलो आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस शेगड्या रस्त्यावर होत्या, आणि कुणीतरी मुद्दाम मास्तरांच्या खिडकीखाली सायकलचा जुना टायर पेटवला होता. तो कुणी पेटवला हे मला माहीत होतं. मी तेही बोललो नाही.

आठवड्याभरात मास्तर बाईंना टांग्यात बसवून स्टेशनवर गेले आणि तिथून नागभीडकडं, बाईंच्या भावाच्या शेतावर निघून गेले. निरोप द्यायला कुणी आलं नाही.

तीन-चार वर्षांनी नागभीड स्टेशनवर गाडी बदलताना ते मला दिसले. मला वाटलं, तोंड फिरवतील. पण त्यांनीच हाक मारली, बाकावर सरकून जागा दिली. बाई गेल्याच वर्षी वारल्या होत्या.

"पण भाऊ, दोन वर्षं चांगली गेली तिची," ते म्हणाले. "चांद्यात रात्र-रात्र उशीला टेकून बसत होती. इथी धानाच्या बांधावर घर, तर आडवी होऊन झोपे. मी उठून उठून पाहो."

मग त्यांनी विचारलं, "गल्लीत आता कसं आहे?"

मी निघालो त्या सकाळीही आमच्या दारासमोर शेगड्यांची रांग होती.

"खूप कमी झालंय, मास्तर," मी म्हणालो. "आता सगळे मैदानात नेतात."

त्यांचा चेहरा उजळला. "पाहा!" ते म्हणाले. "लोकं वाईट नसतात हो. मीच जरा जास्त ओरडलो."