बंडूमामांचं कर्ज आणि आमची लग्नपत्रिका

सासरी पहिलं वर्ष जरा गप्प राहावं, असं मला लग्नाआधी सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तशीही गप्पच असते, त्यामुळे जड गेलं नाही. पण गप्प माणसाची एक अडचण असते: ऐकलेलं सगळं आत साठत जातं. त्यात आमच्या घरी चार महिने वसुलीवाल्यांचे फोन येत होते. म्हणजे साठा किती झाला असेल बघा! आता कुठेतरी तो रिकामा करणं भाग आहे.

* * *

लग्नाला तीन महिने झाले होते. मी गोखिवऱ्यात एका पॅकिंगच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. टेम्पो भरत असताना फोन आला.

"सायली मॅडम? बंडू तुमचे कोण लागतात?"

नव्या नवरीला हा प्रश्न विचारणं म्हणजे अन्यायच. हॉलमध्ये निदान चाळीस जणांच्या पाया पडले होते. मान खाली, चेहरे दिसतात कुठे? मी प्रामाणिकपणे म्हटलं, "पाय बघितले तर सांगू शकेन."

पलीकडचा वैतागला. मग म्हणाला, "मॅडम, जोक नाय करायचा. पैसे भरायचे."

संध्याकाळी घरी विचारलं, "आई, बंडू कोण?"

सासऱ्यांनी टीव्ही म्यूट केला. सासूबाईंचं लसूण सोलणं थांबलं. नितीन, म्हणजे माझा नवरा, मोबाइलमध्ये शिरला. उत्तर मिळायला पाऊण तास लागला. बंडू म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक धाकटा भाऊ. डेकोरेशनचा धंदा वाढवायला कर्ज काढलं, धंदा बसला, हप्ते थकले, आणि मामा फोन बंद करून गायब!

* * *

सासरे रिटायर्ड आहेत. फोन कोणाचाही असो, त्यांना आनंदच. एकदा वसुलीवाला तापला, "काका, आता घरी माणसं पाठवतो!"

"पाठव की," सासरे म्हणाले. "फक्त गुडघे बरे असलेली पाठव. चौथा मजला आहे आणि लिफ्ट बंद आहे."

गुडघ्याचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. वर्षानुवर्षं शिवणाचे क्लास घेऊन त्यांनी त्यासाठी एफडी केली आहे. चार मजले चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि "जरा फोन आलाय" असं दाखवतात. हल्ली तर खरंच येत होते!

* * *

माझे वडील, दादा, राजोडीला असतात. वाडीतल्या तीन खोल्या शनिवार-रविवारी पिकनिकवाल्यांना देतात. त्यामुळे अनोळखी नंबर म्हणजे गिऱ्हाईक, हा त्यांचा ठाम समज.

"बोला, किती मानसं?"

"मी रिकव्हरीतून बोलतोय."

"चालंल. कंपनीची पिकनिक का? पानी चोवीस तास हाय. जेवनाचं येगलं लागंल."

"अहो, तुमच्या मुलीच्या मामेसासऱ्यांचं लोन थकलंय!"

"मंग त्यांना पन घेऊन या ना!"

दादा म्हणतात, शेवटी त्या माणसाने समुद्र किती लांब आहे तेही विचारून घेतलं.

हे ऐकून मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "व्याह्यांपर्यंत गेलं," एवढंच म्हणाल्या, आणि कपाटातून एफडीची पावती काढून देवासमोर ठेवली. "उद्या मोडते. गुडघा काय, अजून दोन वर्षं चालेल."

"आई, कर्ज तुझं नाहीये!" नितीन वैतागला.

"भाऊ माझा आहे ना!"

मी "उद्या रविवार आहे" असं सांगून फक्त एक दिवस वाचवला.

* * *

मला मात्र एक कोडं पडलं होतं. या लोकांना आमचे सगळ्यांचे नंबर मिळाले कुठून?

डिस्पॅचच्या सवयीने मी किराण्याच्या वहीत मागच्या पानापासून नोंदी ठेवत होते. तारीख, वेळ, कोणी फोन केला, कोणाला केला, काय बोलला. त्या रविवारी वही उघडून बसले. पहिला फोन सासऱ्यांना, मग सासूबाईंना, मग चुलत दिरांना, मग दादांना, मग मला. दर वेळी हाच क्रम! आणि एकदा तर चुलत दिरांच्या घरी फोन करून "अर्णव सरांना द्या" म्हणाले होते.

"सर झोपलेत," जाऊबाईंनी सांगितलं होतं. "उठले की दूध पितात."

अर्णव चार वर्षांचा आहे. त्याचं नाव आजवर फक्त एकाच ठिकाणी छापलं गेलंय. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "तुमच्यासमोर जो कागद आहे, त्याच्यावर वरती गणपती आहे का?"

"हो मॅडम," तो म्हणाला. "वर गणपती, खाली रेफरन्स."

आमची लग्नपत्रिका! हॉल आतल्या गल्लीत, कोणाला सापडत नाही, म्हणून पत्रिकेत खाली पाच मोबाइल नंबर टाकले होते. लोकेशन पाठवायला पाचवा माझा. आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" याखाली अर्णव. कर्ज काढताना नातेवाइकांचे रेफरन्स मागितले, तर मामांनी पत्रिकाच जोडली होती!

मामांचं स्वतःचं नाव त्याच पत्रिकेत तळाशी होतं, "आपले नम्र"च्या गर्दीत चौदावं. त्यावरून ते लग्नात रुसले होते, जिलबीला हात लावला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

आमच्या इमारतीत तळमजल्यावर फिलोमिना टीचर राहतात. इथल्याच गावातल्या, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. एके दिवशी वसुलीचा एक तरुण आला आणि त्यांनाच सांगायला लागला, "चौथ्या मजल्यावरच्यांनी पैसे बुडवलेत, माहितीये का?"

टीचरनी चष्मा लावला. "तुझं ओळखपत्र?"

"ऑफिसला राहिलंय."

"कंपनीचं अधिकारपत्र?"

"ते पण."

"उद्या घेऊन यायचं. आणि एकाच्या कर्जाचं दुसऱ्याला सांगत फिरायचं नसतं, हा नियम शिकवला नाही का तुला? लिहून आण."

तो मान खाली घालून म्हणाला, "किती वेळा, टीचर?"

* * *

दुसऱ्या दिवशी तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात अधिकारपत्र, आणि एक छापील फॉर्म. चार मजले चढून दमला होता, सासूबाईंनी पाणी दिलं. मग त्याने फॉर्म पुढे सरकवला. "काकी, फक्त इथे एक सही. फॉर्मॅलिटी आहे. बाकी नंतर बघू."

नितीनने एफडी मोडू दिली नव्हती, पण पावती अजून देवासमोरच होती. सासूबाईंनी चष्मा घातला, पेनाचं टोपण काढलं. सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. नितीन ऑफिसला, मी त्या दिवशी रजेवर.

घरात आलेल्या परक्या माणसाशी मी तोवर चहा-पाण्यापलीकडे बोलले नव्हते. पण कारखान्यात मी दिवसाला शंभर चलनं बघते. ज्या चलनावर माल घेणाऱ्याची सही नाही, त्याचे पैसे आम्ही कोणाकडे मागायला जात नाही. मी विचारलं, "मामांच्या कर्जाच्या कागदावर आईंची सही आहे का? जामीन म्हणून? तेवढी दाखवा, मग बघू."

"सही नाय ना मॅडम," तो निरागसपणे म्हणाला. "तीच तर आता घेतोय!"

सासूबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

* * *

मग मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. आम्ही कर्जदार नाही, जामीनदार नाही, रेफरन्सला नाव असणं म्हणजे जामीन नव्हे, आम्हाला आणि शेजाऱ्यांना त्रास देणं थांबवा, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि पोलिसांत जाऊ. सोबत वहीच्या नोंदींची झेरॉक्स. टीचरनी मसुदा तपासला आणि लाल पेनाने तीन "कृपया" खोडले. "हा काय रजेचा अर्ज आहे?"

पोच घेतली, फाइलला लावली. आठवडाभर फोन येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले. पावती देवासमोरून कपाटात गेली. ऑपरेशनची तारीख नणंदेच्या लग्नानंतरची घेतली आहे.

* * *

हो, नणंदेचं, पूजाचं लग्न ठरलं! गेल्या आठवड्यात पत्रिकेचं प्रूफ घरच्या ग्रुपवर टाकलं; तिथून ते कोणी कोणाला फॉरवर्ड केलं कोण जाणे. या वेळी सासूबाईंनी एकच सुधारणा केली होती. खालचे सगळे मोबाइल नंबर काढून टाकले होते.

दहा मिनिटांत सासूबाईंच्या फोनवर अनोळखी नंबर. सगळे दचकलो. सासूबाईंनी स्पीकर लावला, मी सवयीने वही उघडली.

"ताई," पलीकडून आवाज आला. "मी बंडू."

इतक्या महिन्यांनी! आता कर्जाचं विचारेल, गुडघ्याचं विचारेल, निदान रडेल तरी, असं वाटून सासूबाईंनी पदर डोळ्यांकडे नेला.

"ताई, मी सख्खा मामा आहे पूजाचा. आणि पुन्हा 'आपले नम्र'मध्ये? तेही शेवटी?"

सासूबाईंचा पदर खाली आला. मग इतक्या गोड आवाजात बोलल्या, की सासऱ्यांनी टीव्ही म्यूट केला.

"चुकलंच रे बंडू. या वेळी तुझं नाव सगळ्यांच्या वर टाकते. एकट्याचं, ठळक. आणि पूर्ण पत्रिकेत मोबाइल नंबर फक्त तुझा. हाच ना, आता ज्याच्यावरून बोलतोयस तो?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सायली, नीट लिहून घे गं."