काढून ठेवू का?

चैत्रातल्या दुपारी, समोरच्या कडुनिंबाचा मोहोर गॅलरीभर सांडलेला असताना, तापलेल्या कैयाचं, म्हणजे सोल्डरिंगच्या हत्याराचं, टोक राळेच्या वडीला टेकवलं की जो वास उठतो तो मला एके काळी फार प्रिय होता. धुपाच्या जवळचा, किंचित कडवट, नाकात शिरता शिरता मन एकाग्र करणारा. तंत्रनिकेतनात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवून घरी यायचं, जुळे सोलापुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद गॅलरीत टेबल ओढायचं आणि कुणाच्या तरी माळ्यावरून खाली उतरलेली व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट उघडून बसायचं, हा माझा विरंगुळा. आता तोच वास आला की मी कैया बाजूला ठेवते.

या कॅसेटींच्या आत एक हिरवी पट्टी असते आणि तिच्यावर स्मृती सांभाळणारी एक काळी चिप. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली, किती गुण मिळवले, आपलं नाव काय घातलं, हे सारं ती जपते. मात्र शेजारी बसवलेल्या बटणाएवढ्या सेलचा आधार असेतोवरच. तो आधार तुटला की क्षणात सगळं पुसलं जातं. मी ही जुनी चिप उतरवून तिच्या जागी नव्या जातीची चिप बसवते. तिला सेल लागत नाही आणि तिची स्मरणशक्तीही दांडगी. अशा जोडकामाला आमच्याकडे डाग देणं म्हणतात. माझे डाग गोल, चकचकीत आणि स्वच्छ येतात याचा मला गर्व होता, आणि डाग या शब्दाचा दुसरा अर्थ तेव्हा माझ्या गावीही नव्हता. जुन्या चिपमधलं सगळं आधी संगणकावर उतरवून घेणारं एक छोटं यंत्र माझ्याकडे आहे. त्याला दहा मिनिटं लागतात. वर्गात मुलांना मी पहिला नियम सांगते तो हाच, की हात लावण्याआधी आतलं सुरक्षित करा.

महादेवआप्पा माझ्याकडे आले ते गेल्या चैत्रात, शेजारणीच्या ओळखीने. मूळचे सांगोल्याकडचे, अकलूजच्या एका डेअरीत नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका बैठ्या घरात एकटे राहणारे. धोतराच्या सोग्यात जपून गुंडाळलेला, हातात धरून खेळायचा, आत कॅसेट घातलेला छोटा गेम त्यांनी टेबलावर ठेवला, घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडम, ह्येचा सेल लई जुना झालाय म्हनं. तेवढा बदलून द्या की."

जुना काढण्याआधी दुसरा आधार जोडून तेवढा सेल बदलून दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण नव्या चिपांचं पाकीट आदल्याच दिवशी हाती आलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते. मी त्यांना सेलच्या कटकटीतून कायमची सुटका म्हणजे काय, यावर एक छोटंसं व्याख्यानच दिलं. आप्पा मान डोलावत राहिले. शिकल्यासवरल्या बाईला मध्येच थांबवायची त्यांची रीत नव्हती.

मग खेळ चालू करून पाहिला. फळं जुळवायचा साधाच खेळ. सुरुवातीलाच दहा ओळींची यादी आली, सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची. नऊ ओळींत तीच तीन इंग्रजी अक्षरं होती, एस, यू, एम. आणि दहाव्या ओळीत, अगदी तळाशी, एम, ए, एच. मी ती यादी पाहिली. नीट पाहिली. हे मला इथे ठासून लिहायला हवं, कारण नंतर मी ते कित्येक दिवस स्वतःपासूनही लपवलं.

मी विचारलं, "आप्पा, आतलं जुनं काढून ठेवू का?"

ते घाईने म्हणाले, "न्हाय न्हाय, जुनं ऱ्हाऊ द्या."

आपल्या भाषेत हे दोन शब्द किती गोड आणि किती फसवे आहेत! पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला आलेल्याला आपण म्हणतो, राहू द्या; म्हणजे नको, तसदी घेऊ नका. आणि कुणी भिंतीवरचा फोटो उतरवायला गेलं तरी म्हणतो, राहू द्या. म्हणजे हात लावू नका, आहे तिथे असू दे. माझा प्रश्नही तसलाच. काढून ठेवणं म्हणजे माझ्या लेखी जपणं होतं, उशिरा येणाऱ्यासाठी ताट काढून ठेवावं तसं. आप्पांना त्यातलं फक्त 'काढून' ऐकू आलं. ते म्हणत होते, आतलं बाहेर काढू नका. मी ऐकलं, जपायची गरज नाही.

आणि खरं सांगायचं तर तसंही नव्हे. त्यांच्या आवाजातली घाई मला कळली होती. नऊ वेळा एकच नाव असलेली यादी कुणी सहज टाकून देत नसतं, हेही कळलं होतं. पण ते यंत्र आतल्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, त्याची वायर आणखी कुठेतरी. कैया तापलेला, तीन वाजता कॉलेजात पर्यवेक्षण. दोन अर्थांपैकी मला सोयीचा होता तो मी उचलला. एक प्रश्न पुन्हा विचारायचा मी कंटाळा केला, एवढाच माझा गुन्हा, आणि तो लहान नाही.

चिप सुरेख उतरली. एकही पाय वाकला नाही. नवी बसवली, डाग दिले, खेळ चालू केला. यादीत दहाच्या दहा ओळी कोऱ्या, नावांच्या जागी नुसत्या रेघा. मला त्या क्षणी आनंद झाला होता, काम फत्ते झाल्याचा. संध्याकाळी आप्पा न्यायला आले, खेळ पुन्हा सोग्यात गुंडाळून, चारचारदा आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे होते. आत यायलाही तयार नव्हते. म्हणाले, "मॅडम, हिचं नाव कुटं दिसंना."

मग कळलं. मुलासाठी आखातातल्या नातेवाइकाकडून आलेला तो खेळ, मुलगा शिकायला लांब गेल्यावर त्यांच्या पत्नीने, सुमनबाईंनी हाती घेतला. दुपारची भांडी आवरली की चष्मा लावून बसायच्या. त्यातल्या लाल फळाला त्या डाळिंब म्हणत. आप्पा एकदाच, एका पावसाळ्यात, दहावे आले होते, तेव्हा त्यांनी अख्ख्या आळीला शिरा वाढला होता. सुमनबाई गेल्या त्याला दुसरं वर्ष. आप्पा रोज सकाळी खेळ चालू करत, ती यादी बघत आणि बंद करत. खेळत नसत.

या सगळ्यावर मी काय म्हणाले? म्हणाले, "पण आप्पा, मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात ना, राहू द्या?"

ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "व्हय की. मीच म्हनलो. माझंच बोलनं चुकलं. तुमाला उगं तरास." आणि हात जोडून जिना उतरले, एकेका पायरीवर थांबत.

जुनी चिप अजून टेबलावरच्या वाटीत होती. ती मी भिंगाखाली धरून पाहिली, जणू तिच्यात काही दिसणार होतं. नवऱ्याने समजूत घातली, तू विचारलं होतंस, ते राहू द्या म्हणाले, विषय संपला. वर्गात पहिला नियम सांगताना माझी जीभ अडखळू लागली. गॅलरीत मोहोराच्या जागी हिरव्या निंबोळ्या धरल्या, टेबल घडी करून भिंतीला लागलं, तरी जोडलेले ते हात डोळ्यांपुढून हलेनात. त्यांचं जे गेलं ते गेलंच होतं. वर त्याचा दोषही मी त्यांच्याच पदरात घातला होता.

शेवटी एका रविवारी उन्हं उतरायच्या सुमारास त्यांच्याकडे गेले. आप्पा ओट्यावर बसून तोच खेळ खेळत होते. आता यादीत दहाही ओळी एम, ए, एच. आकडे मात्र अगदी बेताचे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: यादी पाहिली होती, तुमचा अर्थ मला उमगला होता, कंटाळा केला आणि वर दोष तुमच्यावर ढकलला.

ते रागावतील असं वाटलं होतं, आणि ते रागावले. "मग तवाच का न्हाय बोलला? म्हैनाभर मी मलाच शिव्या घालतोय. हिचं नाव आपल्याच तोंडानं घालवलं म्हनून रातीला डोळा लागंना." इतकं हक्काचं रागावणं मला फार वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते संपू नये असंही वाटलं.

मग त्यांनी तो खेळ माझ्या हातात दिला. "बसा. ती कशी खेळायची दावतो." सुमनबाई सगळी डाळिंबं डाव्या कोपऱ्यात साठवत, घाई करत नसत, फळ खाली टेकता टेकता अंगठा हळूच सरकवत. "हां, आता थांबा. ती थांबायची हितं. आता." त्यांच्या सांगण्यावरून माझे अंगठे चालू लागले. आप्पा पुढे वाकून बघत होते, आणि मधूनच हसतही होते, माझ्याकडे न बघता.

डाव संपला तेव्हा आकडा त्यांच्या सगळ्या आकड्यांच्या वर गेला होता. खेळाने नाव विचारलं. मी एस या अक्षरावर आले. एवढं तरी परत करावं, असं मनात होतं.

आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "न्हाय मॅडम. हिचं हिनं मिळवल्यालं हुतं. तुमी तुमचं घाला."

मी माझी तीन अक्षरं घातली. ती आता त्या यादीत सर्वांत वर आहेत, जिथे सुमनबाईंची होती. आप्पा अजूनही रोज सकाळी खेळ चालू करतात आणि ती यादी बघतात.