मागच्या दाराचं औषध

"वास तर तुमच्या सगळ्या वस्तीलाच येतो. त्यावर काय औषध देऊ?"

डॉक्टर असं म्हणाला आणि त्याची बायको हसली. मी त्यांच्या घराच्या मागच्या पायरीवर उभी होते. कडेवर माझी दीड वर्षाची मुलगी, तापाने फणफणलेली. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. मी एवढंच म्हटलं होतं, "ताप उतरंना. आन लंगोटाला येगळाच वास मारतोय. लघवीच्या येळंला पोर ताठ हुती, किंचाळती."

तो उठला नाही. तिथूनच बघितलं. "दात येतायत," म्हणाला आणि बायकोला तापाची बाटली द्यायला सांगितली.

राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात लहान मुलांचा हा एकच डॉक्टर. पुढे दवाखाना, मागे घर. त्या घरातलं धुणं-भांडं मी सहा वर्षं करत होते. म्हणून माझी पोर आजारी पडली की पुढून जायचं नाही, नंबर लावायचा नाही, मागून यायचं. औषध फुकट. केसपेपर नाही. मला त्याचा केवढा तोरा. वस्तीत सांगत फिरायची, आम्ही डॉक्टरांच्या घरचेच. थू त्या तोऱ्यावर. पुढच्या दाराने आलेल्या मुलाला तो टेबलावर झोपवायचा, पोट दाबून बघायचा, छातीला नळी लावायचा. माझ्या मुलीला त्याने कधी हात लावला नाही. त्याच्या घरातला एकूण एक कपडा माझ्या हाताखालून गेला होता, आतलेसुद्धा. तेव्हा मात्र माझ्या हातांचा विटाळ झाला नाही.

मी धुणं धुणारी बाई. कपड्यावरून मला माणसाचं दुखणं कळतं. त्याच्या आईच्या लुगड्याला मुंग्या लागायला लागल्या, तेव्हा म्हातारीची साखर तपासा असं मीच सांगितलं होतं. तपासली, निघाली. तेव्हा सगळे म्हणाले, हुशार आहेस गं. आणि स्वतःच्या लेकीचं सांगितलं तर वस्तीचा वास.

दोन दिवसांनी मी परत त्याच पायरीवर. ताप तसाच.

"दातच आहेत. किती शिकलीस तू?"

"सातवी."

"मग मला शिकवू नकोस."

मी मान खाली घातली. त्याच्या बोलण्यापेक्षा माझी ती खाली गेलेली मान मला जास्त छळते. घरी नवऱ्याला सांगितलं. तो कारखान्यावरून दमून आलेला. म्हणाला, "येवढा शिकल्याला मानूस चुकंल व्हय?" मीही स्वतःला दटावलं. पण लंगोट धुताना तो वास परत यायचाच. काहीतरी आत सडतंय, हे मला कळत होतं. मला कळत होतं आणि मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी सकाळी तिने दूध ओकून टाकलं. अंग तव्यासारखं, हातपाय गार. हाक मारली तर बघेना. मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि सरळ पुढच्या दाराने दवाखान्यात शिरले. नंबर लावणारी पोरगी म्हणाली, "ताई, तुमी मागून जा की."

"न्हाई. नंबर लाव. केसपेपर काढ."

आठ-दहा आया पोरं घेऊन बसल्या होत्या. नंबरवाली केसपेपर काढेना, तशीच आत गेले. डॉक्टरच्या कपाळावर आठ्या. "आज पुढून?"

"तपासा. हात लावून तपासा. आन मी सांगती ते कागदावर लिवा."

तो उभा राहिला. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "भांडी घासणारीने मला डॉक्टरकी शिकवायची? बाहेर हो. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"कामाचं ऱ्हाऊ द्या. लघवी तपासायची का न्हाई, तेवढं बोला."

त्याने पुढचा नंबर आत बोलावला. मग मीही थांबले नाही. नवऱ्याला फोनसुद्धा केला नाही, परत तेच ऐकायची माझी तयारी नव्हती. नगरकडे निघालेल्या भाजीच्या टेम्पोत बसले.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने मुलीला टेबलावर घेतलं, कमरेशी हळूच दाबलं. पोर किंचाळली. बाईंनी विचारलं, "लघवीला वास येतो का हो?" मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. ते दुःखाचं रडणं नव्हतं, संतापाचं होतं.

लघवीत सगळा पू. मूत्रपिंडापर्यंत गेलेला, तिथून रक्तात. अकरा दिवस सलाईन. मुलगी वाचली. एक मूत्रपिंड कायमचं कमजोर झालं. आज ती चार वर्षांची आहे आणि अजून आम्ही तपासणीच्या खेपा घालतोय.

महिन्याने डॉक्टरची बायको साडी घेऊन वस्तीत आली. "झालं गेलं विसर. साहेबांचे कपडे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत."

मी साडी परत तिच्या हातात दिली. म्हटलं, "साहेबांना म्हनावं, सोताच्या हातानं धुवा. हात चालत्यात का न्हाई ते तरी कळंल."

मग मी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रारीचा अर्ज दिला. त्याने लेखी उत्तर पाठवलं: ही मुलगी माझी पेशंट कधीच नव्हती. खरंच होतं. पोरीला जन्मापासून मागच्या दाराने नेलं, आमचा एक कागद नाही. फुकट औषध देऊन त्याने आम्हाला पुसून टाकलं होतं.

चर्चमध्ये मंडळीच्या प्रार्थनेला पाळकबाई म्हणतात, "त्याला क्षमा कर, बाळा." मी करणार नाही. त्याच्या घरची स्वयंपाकीण, झाडूवाली, ड्रायव्हरची बायको, त्याच्या मळ्यातली खुरपणारी, या चौघींची पोरंही मागूनच औषध न्यायची. मी एकेकीच्या दारात जाऊन बसले. दोघी घाबरल्या. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले, आता चौघींनी अर्जावर अंगठे दिलेत. सुनावणी मागितली आहे. त्या दिवशी मी मुलीला त्याच्यासमोर टेबलावर बसवणार आणि सगळ्यांदेखत सांगणार, आता हिला ओळखत नाही असं म्हण. पोर वाचली म्हणून आपण सुटलो, असं त्याला वाटतंय. त्याच्या दवाखान्याची पाटी उतरेपर्यंत मी सोडणार नाही.