ब्रेक सोड गो

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते, कारण आमच्याकडे तशी पद्धत आहे. मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

भिकाजी हे त्यांचं नाव. गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, आणि स्वतः हयातभर शहरातल्या बसवर ड्रायव्हर. एकही अपघात केला नाही म्हणून निवृत्तीच्या वेळी त्यांचा सत्कार झाला होता. शाल कपाटात गेली, सत्कार अजून आमच्या डोक्यावर आहे. बस सुटली तेव्हापासून चारकोपच्या दोन खोल्यांत ते मला चालवतात.

मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. कांदिवली, बोरिवली, कधी मालाड. सगळं स्कूटरवर. स्कूटर गेली की नोकरी गेली, इतकं सरळ आहे. हे माहीत असूनच मामांनी घरात फर्मान काढलं होतं, की विनिता एकदा जरी पडली तरी गाडी विकायची. निलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याला होकार दिला. वडिलांसमोर त्याची मान फक्त वरखाली हलते.

रोज जेवताना माझी शिकवणी. मामांनी ताटात मुद्दाम आमटी सांडायची आणि त्यावर वाटी सरकवायची.

‘ह्यो मागचो टायर. सरकलो. तू घाबरलस, ब्रेक दाबलस. संपला.’ वाटी ताटाबाहेर. आमटी मी पुसायची.

‘ब्रेक सोड गो. एक्सलेटर हळू सोड. पाय खाली टाकू नको. आनि जंय जाऊचा हा थंय बघ. जंय बघशीत, थंय जाशीत.’

हे ठीक होतं म्हणा. पण मी खाली गाडी काढली की गॅलरीतून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, ‘निघाली ड्रायव्हरीण!’ चार बायकांसमोर माझ्या टायरच्या खाचांत नख घालून बघायचं आणि मान हलवायची. पाऊस असला की चावी तांदळाच्या डब्यात. एकदा त्यापायी मधुमेहाचे तीन म्हातारे उपाशीपोटी माझी वाट बघत बसले आणि लॅबमध्ये बोलणी मी खाल्ली. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, ‘जिती हस मा?’ म्हणजे, जिवंत आहेस ना? अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मेट्रोच्या कामावरचे लोखंडी पत्रे, गटाराची झाकणं, झेब्रा पट्ट्यांचा रंग, ओले पेव्हर ब्लॉक, कुठे कुठे गाडी सरकते हे त्यांना तोंडपाठ. आणि ते सगळं बरोबर असतं, संताप त्याचाच येतो.

आमच्या सेक्टरमधून बाहेर पडताना एक वळण आहे. तिथे पूर्वी दोन-तीन बाइकवाले पडले, म्हणून लोकांनी कोपऱ्यावर मारुतीची छोटी घुमटी बांधली. तरी लोक पडतच राहिले, म्हणून मारुती जागृत ठरला आणि शनिवारी तेल घालणारे वाढले. मीही येता-जाता हात जोडायचे. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

त्या शनिवारी पाऊस नव्हता. रस्ता कोरडा, चावी हातात, गॅलरीतला टोमणा खाऊन मी निघाले होते. पाठीवर सॅम्पलची पेटी. वळणावर झुकले आणि मागचं चाक माझं राहिलंच नाही. गाडी आडवी व्हायला लागली, समोर उभ्या रिक्षाची मागची बाजू. बोटं ब्रेकवर गेली होती. तेवढ्यात डोक्यात तो कर्कश आवाज. ब्रेक सोड गो. मी सोडला. रिक्षावरची नजर ओढून मोकळ्या रस्त्यावर नेली. गाडीने एक हिसका दिला, सरळ झाली, आणि पुढे जाऊन उभी राहिली. पडले नाही.

मागे वळून बघितलं तर घुमटीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत एक काळा, चकचकीत ओघळ.

घुमटीशी अंजनाबाई बसते, रुईच्या हारांची टोपली आणि तेलाच्या बाटल्या घेऊन. मी तिच्यावर तोंड टाकलं. ती शांतपणे म्हणाली, ‘मला काय बोलतेस? सगळ्यात जास्त तेल तुझा सासराच घालतो. दर शनिवारी, उजाडायच्या आत. अख्खी बाटली. सुनेच्या गाडीसाठी नेम धरलाय म्हणाला.’

मी तिच्याकडून एक बाटली घेतली आणि तशीच घरी आले. मामा चहा पीत होते. बाटली त्यांच्यासमोर आपटली.

‘खंय घसारलस?’ त्यांनी लगेच विचारलं.

‘मारुतीच्या वळणावर. तुमच्या तेलावर.’

ते उठले, खाली गेले, वाकून मागच्या टायरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. जन्मभर रस्ता वाचलेला माणूस. तेल ओळखलं आणि मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग म्हणाले, ‘नेम मोडलो आनि तू पडलस तर?’

‘मामा, जिकडे बघशील तिकडे जाशील, हे तुम्हीच शिकवता ना? मग तुम्ही सारखे माझ्या पडण्याकडे कशाला बघता?’

इतकं मी त्यांना पूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी तेलकट बोट धोतराला पुसलं आणि जिना चढून गेले. त्या आठवड्यात आमटी सांडली नाही. माझ्याशी बोललेही नाहीत, आणि मीही गेले नाही बोलायला.

पुढच्या शनिवारी वळणावर आले तर मामा तिथे. पायाशी लाकडाच्या भुशाचं पोतं, रस्त्यावर भुसा पसरलेला. तेल घालायला आलेल्या एका बाईला ते सांगत होते, ‘हार घाल बाये, तेल घराक ने.’ ती त्यांना नास्तिक म्हणाली. त्यांनी तिला त्याहून वाईट काहीतरी म्हटलं.

मग त्यांना माझी गाडी दिसली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडणार.

मामांनी रस्त्याकडे पाठ केली. तोंड मारुतीकडे, दोन्ही हात पोत्यावर घट्ट. मी वळण पार करून पुढे जाईपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.